नक्कल

आधी नंबर लागतो, बाई.
माणूस गेला एवढं त्यांना पुरत नाही.
गुन्हा रजिस्टर नंबर, साल, कलम.
माझ्याकडे काय होतं?
नारळी पौर्णिमेचा दुसरा दिवस
आणि दारूखान्यात जहाज तोडताना
वरून सुटलेली एक लोखंडी प्लेट.

“तिथीवर रेकॉर्ड निघत नाही,” चौकीतले हवालदार म्हणाले.
वाईट नव्हते ते. स्वतःसाठी सांगितलेला चहा
अर्धा मला दिला.
तेव्हा तुम्ही आधी महापालिकेच्या वॉर्डात जा,
मृत्यूचा दाखला काढा, तारीख तिथं सापडते.
दहाचे कोर्ट फी स्टॅम्प दोन जास्तच घ्या,
चिकटवताना एक वाकडा जातोच.

माहितीच्या अर्जात ‘का’ लिहू नका.
का ते विचारायचा हक्क त्यांना नाही.
‘काय’ तेवढं नेमकं लिहा.
मी पहिल्या वेळी दोन पानं नुसतं ‘का’ लिहिलं होतं.
उत्तर एका ओळीत आलं :
सदर अभिलेख या कार्यालयात उपलब्ध नाही.

उपलब्ध नाही म्हणजे जळला असं नाही.
कुठंतरी पाठवला असेल,
आणि पाठवला तर जावक नंबर पडतो.
जावक रजिस्टर मागा.

जावकावरून कळलं, भोईवाडा कोर्ट.
तिथं महिनाभर चिंदरकर शोधलं.
शेवटी खरसंबळे मॅडमच एका दुपारी डबा बंद करत म्हणाल्या,
“ऐकून लिहिलं असेल हो. श मध्ये बघू.”
आणि श मध्ये होते माझे बाबा,
शिंदरकर,
इतकी वर्षं दुसऱ्याच कुणाच्या आडनावात गप्प बसून.
वय एकतीस.
माझ्याहून अकरा वर्षांनी लहान.

फाइल हळू उघडा. कड बिस्किटासारखी हातात येते.
पंचनामा वाचाच, पण बसून वाचा.
“मयताचे खिशात रोख रुपये सात, तंबाखूची डबी एक,
निळे रंगाची रिबीन अंदाजे एक वार.”
रिबीन कुणाची, ते पंचांना माहीत नव्हतं.
मी विचारलं, ती कुठं आहे?
मुद्देमाल नष्ट, म्हणाले, साल अमुक, आदेश अमुक.
तो आदेशही मिळतो. वेगळा अर्ज.

मग आईचा जबाब.
“समक्ष विचारल्यावरून लिहून देते की,
माझे पतीचे मरणाबाबत
माझी कोणाविरुद्ध तक्रार अगर संशय नाही.
जबाब वाचून दाखविला,
तो माझे सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.”
खाली अंगठा.
निशाणी डाव्या हाताची.

बाई, माझी आई सही करायची.
चौथीपर्यंत शिकलेली.
रॉकेलच्या पावतीवर, माझ्या प्रगतिपुस्तकावर,
अनुसया बा. चिंदरकर,
शेवटच्या र ला उगाच एक लांब शेपूट.
च गोल काढायची ती.
तिच्या समोर कुणी श लिहिला असता
तर तिनं पेन काढून घेतलं असतं.

मी म्हटलं, मॅडम, हा अंगठा तिचा नाही.
त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.
“आम्ही नक्कल देतो,” म्हणाल्या, “आहे तशी.
खरं की खोटं, ते वरच्या मजल्यावर.”
आणि शिक्का मारला : अस्सलबरहुकूम नक्कल.
शिक्का मात्र फार वेळ दाबून धरला त्यांनी,
कागद उडून जाणार असल्यासारखा.

वरच्या मजल्यावर माझी ही चौथी खेप.
पिशवीत प्रगतिपुस्तक आहे, इयत्ता तिसरी,
पालकांची सही, तीन वेळा.

तुमचं कोण, बाई?
भाऊ?
नंबर नसू दे. दिवस सांगा,
त्या दिवशी घरात काय शिजलं होतं ते सांगा,
त्यावरून तारीख काढू.
हा फॉर्म. हे पेन जरा अडतं, पण चालतं.
सही येते ना?
मग ते शाईचं पॅड तिकडं सारा.