सतरा, अठरा

सकाळी सहाला शिट्टी.
बिराजदार लॉजच्या जिन्यात उभा, हातात यादी,
कपाळावर भस्माचे पट्टे, अजून ओले:
"सतरा-अठरा, चहा झाला का?"
नावं त्याला पाठ नाहीत अजून.
आम्ही चहा बशीत ओततो, तोंड भाजून घेतो.

चाळीस वर्षं आम्हाला कुणी शिट्टी मारली नव्हती.
सुधन्वा आणि मी, एक पिशवी, घडीवर फाटलेला नकाशा,
जी एसटी आधी येईल ती आपली.
कुर्डुवाडीच्या फलाटावर पेपर अंथरून रात्र काढली
आणि पहाटे लक्षात आलं
की बार्शीला जायचंच नव्हतं आपल्याला.
मग त्याचा गुडघा. मग माझा.
मग मुलानं परस्पर पैसे भरले
आणि पिवळ्या टोप्या घरपोच आल्या.

भुईकोट किल्ला, पंचवीस मिनिटं.
सुधन्वाला एकेका बुरुजाला तेवढी लागतात.
तो दगडावर तळवा ठेवून उभा राहतो, ताप बघितल्यासारखा,
आणि खालून शिट्टी.
सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी मी पायरीवर टेकणार
तेवढ्यात राजापूरकर वहिनी, "चला चला, फोटो!"
आणि मी तिसऱ्या रांगेत, टोपीखाली, डोळे मिटलेली.
दुपारी चादरींचं दुकान. एक तास.
"किल्ल्याला पंचवीस मिनिटं आणि चादरींना तास?"
सुधन्वा मोठ्यानं म्हणाला.
कुणी हसलं नाही. सगळे टॉवेल चाचपत होते.

मी मागच्या दारानं निघाले.
गल्लीत खटाखट चालू होती,
तिच्यामागं जायला तिकीट लागत नाही.
पाट्या मराठीत, भांडणं तेलुगूत,
भाजीवाली मला "बर्री" म्हणाली.
पत्र्याच्या शेडच्या दारात
राजमणी नावाची बाई कांड्या भरत बसली होती.
नाव मी विचारलं. तिनं माझं नाही विचारलं,
स्टूल सरकवलं फक्त.
एकाएकी आत एक माग गप्प झाला.
"काय झालं?"
"दोरा तुटला."
"एकच?"
शाळेतल्या पोरीकडं बघावं तसं बघितलं तिनं.
"एकच तुटतो की. पण थांबायला सगळ्यालाच लागतंय."
एक पोरगा वाकला, दोन बोटांत दोन टोकं धरली, पिळली.
गाठ शोधली मी. दिसली नाही.
घड्याळ मात्र मुद्दाम पाहिलं नाही.

परत आले तेव्हा बस चालू, दार उघडं,
एसीचा गारवा रस्त्यावर सांडत होता.
बावन्न मिनिटं.
अक्कलकोटची आरती हुकली.
काणेकर आजोबांच्या इंजेक्शनची वेळ जवळ आलेली,
ते मांडीवर डबा धरून गप्प.
कुणी ओरडलं नाही. तेच वाईट होतं.
बिराजदारचा शर्ट पाठीला चिकटलेला,
तीन गल्ल्या पालथ्या घालून आला होता तो,
एक पिवळी टोपी उंच धरून विचारत,
"असली टोपी घातलेल्या बाई बघितल्या का?"
माझी मी पर्समध्ये दुमडून ठेवलेली.

"मला तरी सांगायचंस," सुधन्वा खिडकीला म्हणाला.
आजवर चुकलो ते दोघं मिळून.
बस निघून जायची, आम्ही तिच्या पाठीकडं बघून
हात हलवायचो, हसायचो.
थांबलेली बस कशी दिसते
ते मला आज कळलं.

वहिनींनी मागून कडक भाकरीचा तुकडा पुढं केला,
वर शेंगाचटणी.
माफी मागायला तोंड उघडलं
तर भाकरीच कडकन बोलली.

बिराजदार मोजत मागं आला.
पस्तीस, छत्तीस.
मग पुन्हा पहिल्यापासून, माझ्याकडं न बघता.
"उद्या नळदुर्ग," तो म्हणाला.
"किती वेळ?" सुधन्वानं विचारलं.
"चाळीस मिनिटं."
"दीड तास."
"काका, पंचेचाळीस."
"बुरुज मोठा आहे हो तिथला. सव्वा तास."
कोथिंबिरीच्या जुडीवरून चालावी तशी घासाघीस
पार टोलनाक्यापर्यंत.
मी टोपी बाहेर काढली.
घड्या पडल्या होत्या, गुडघ्यावर ठेवून
हातानंच इस्त्री करत बसले.