बलक

सिएनात त्या वर्षी अंडी महागली.
कोंबड्यांना रोग नव्हता, कोल्हाही आला नव्हता;
गल्लोगल्ली नुसती चित्रं चालली होती.

नूता चांभारझऱ्याच्या उतारावर राहायची.
अकरा कोंबड्या, त्यातली एक कायम खुडूक.
पहाटे तुरा यायचा, गुच्चोच्या चित्रशाळेतलं पोर,
नखांत हिरवी माती,
आणि एकेक अंडं कंदिलापुढे धरायचा
सराफानं मोती धरावा तसं.

"मालक म्हणतात, शहरातल्या कोंबडीचा बलक फिका.
तो तरुण गालांना.
म्हाताऱ्यांना, उन्हात रापलेल्या संतांना
खेड्यातली अंडी."
"मग माझी कुणाला लावतात?"
"देवदूतांना."
"देवदूतांचं राहू दे. पैसे कोण देतं ते बोल."

पैसे गुच्चो देणार होता, चित्र लागल्यावर.
तोवर नूता दाराच्या फळीवर कोळशानं रेघा ओढायची.
बलक रंगात, पांढरं सोन्याच्या वर्खात,
टरफलंसुद्धा परत येत नव्हती,
त्यांत म्हणे निळा कालवतात.

चित्र लागलं. घंटा, तुताऱ्या, दुकानं बंद.
लोक गुडघ्यांवर बसले, कुणी रडलं.
नूता उभीच.
पहिली रांग: मंगळवारची सहा.
तो पंख: बुधवारची दोन, एक तडकलेलं, त्याचं मी काही लावलं नाही.
ओठ हलताना पाहून शेजारणीला वाटलं,
बाई जप करतेय.

पुढे साथ आली.
चित्रशाळेला बाहेरून कुलूप.
कोळशाच्या रेघा, चौदा,
कुणीतरी चुन्याखाली घातल्या.

आता तिथे तिकीट लागतं.
मार्गदर्शक बाई आवाज खाली आणून म्हणते, सुवर्णकाळ,
आणि सगळे मान वर करतात.
गालांवरची लाली झिजलीय, खालची हिरवी माती दिसतेय,
देवदूत जरा आजारी वाटतात.
मागच्या रांगेत एकाचं कपाळ पातळ रंगवलेलं,
घाईत उरकल्यासारखं.

त्या माघातल्या गुरुवारी
तुराला एक अंडं कमी मिळालं होतं.
"कोंबडी बसली नाही," नूता म्हणाली, आणि दार लोटलं.

आत मीता, सातवा दिवस तापाचा,
भिंतीला टेकून,
वाटी दोन्ही हातांत,
हनुवटीवर पिवळा ओघळ.
पुसू देत नव्हती.