पुढची सीट

माझ्या व्हॅनमध्ये सतरा मुलं बसतात.
कागदावर बारा.
सहा वाजून दहाला तळवली नाक्यावर पहिली झैनब,
केस ओले, डबा मांडीवर, डोळे घरीच राहिलेले.
कोपरखैरण्याला ते जुळे भाऊ,
वाशीच्या सिग्नलला निम्मी गाडी झोपलेली
आणि पाम बीचवर, खाडीत रोहित पक्षी उतरलेले असताना,
काचेला गाल लावून सगळेच गप्प.
तो गुलाबी रंग रोज मी एकटाच बघतो.

नेरूळपर्यंत चौदा किलोमीटर.
कुणाला कुठल्या वळणावर उलटी होते
ते माझ्या स्टिअरिंगला पाठ आहे.

घणसोलीत आमच्या दारापासून महापालिकेची शाळा
उर्वीच्या पावलांनी दोनशे बारा.
तिला शंभरपर्यंतच येतं,
म्हणून ती दोनदा शंभर मोजते, आणि वर "थोडी".
शाळेची घंटा आमच्या मोरीत ऐकू येते.
पहिलीच्या कदमबाई दारात उभ्या राहून
आपल्या रुमालाने पोरांची नाकं पुसतात.
गेल्या वर्षी दोन वर्ग एकाच खोलीत बसवले होते,
हेही खरं.

दर्शना म्हणते, सतरा जणांची पोरं तू मोठ्या शाळेत सोडतोस.
अठरावी का नको?
ती भांडत नाही. तांदूळ निवडताना म्हणते,
खडा बाजूला ठेवावा तसं वाक्य ठेवते.
महापेच्या कंपनीत ती पॅकिंगला जाते.
लेबलं इंग्रजीत. ती रंगावरून ओळखते.
त्याबद्दल कधी बोलत नाही,
मला ऐकू येतं.

मी फी सांगितली, पुस्तकं सांगितली,
पांढरे बूट वेगळे, काळे वेगळे.
ती म्हणाली, व्हॅनचे पैसे तरी वाचतील ना.
मग हातातलं सूप खाली ठेवून म्हणाली,
इथे घातली तर तू तिला बघणार कधी?
पहाटे ती झोपलेली. दुपारी तू दुसऱ्या पाळीवर.
तिकडे घातली तर रोज तुझ्या शेजारी, पुढच्या सीटवर,
जाताना पाऊण तास, येताना पाऊण तास.
आता सांग, जवळची कुठली नि लांबची कुठली?

सांगता आलं नाही.
रात्री उठून टायरची हवा बघून आलो.

रविवारी गाडी धूत होतो. उर्वी आत चढली,
मागे, झैनबच्या जागेवर.
पुढे ये म्हटलं, आली नाही.
पाय हलवत, बाहेर बघत,
अगदी त्या मुलांच्या सुरात म्हणाली,
"काका, एसी लावा ना."

खेळातच म्हणाली. मीही हसलो.
आणि एसी लावला,
उभ्या गाडीत गॅस जाळत बसलो
बादलीतला फेस बसेपर्यंत.

दोन्ही फॉर्म डॅशबोर्डच्या खणात, पीयूसीच्या खाली.
एकावर वडिलांच्या व्यवसायापुढे लांबलचक रेघ.
दुसऱ्याचं कदमबाईंनी विचारलंच नाही,
व्हॅनवाले ना तुम्ही, म्हणाल्या,
सकाळी हॉर्न जरा हळू वाजवत जा.

आज पाम बीचवर गाडी हळू केली.
उठा रे, बघा बाहेर!
झैनबने एक डोळा उघडला.
"काय काका?"
पक्षी.
"रोजच असतात," ती म्हणाली,
आणि पुन्हा झोपली.

परतताना गाडी रिकामी.
पुढच्या सीटवरून एरवी दप्तरं घसरतात,
आज कुणाची तरी बाटली राहिली होती, ती प्रत्येक गतिरोधकाला
इकडून तिकडे.
आठ वाजायला दहा मिनिटं असताना घराशी आलो,
हॉर्न दिला नाही.
दारापासून शाळेपर्यंत मोजत गेलो.
माझी एकशे एकेचाळीसच भरली.
कदमबाई कुलूप काढत होत्या.
खिशात एकच फॉर्म होता.