दुपारी बारा, दिवे लागलेले

छापाखाली पेन्सिलीनं लिहिलंय:
अकरावा, पंचविसांपैकी.
ओ. ह्रुश्का, पिट्सबर्ग, एकोणीसशे सेहेचाळीस.
अक्षर बाबांचं, उजवीकडे उतरत जाणारं,
आमची गल्ली नदीकडे उतरायची तसं.

कारखान्यात बाबा ॲसिडच्या हौदावर.
पोलादाचे पत्रे बुडवायचे, गंज काढायचा.
घरी यायचे ते शर्टाला नवी भोकं घेऊन.
म्हणून रात्रशाळेत बाकीच्यांनी लाकूड कोरायला घेतलं
तेव्हा यांनी जस्ताचा पत्रा मागितला.

आमच्या स्वयंपाकघरात, केकच्या ट्रेमध्ये ॲसिड.
राळेची पूड डब्यात घुसळायची,
धुरळा पत्र्यावर बसू द्यायचा,
खालून गॅस.
मग मोजायची मिनिटं.
नदीला दोन.
चर्चच्या भिंतीला पाच.
ट्रामच्या पोटाखालच्या सावलीला बारा.
आकाशाला चाळीस.
मास्तर म्हणाले, आकाश तर कोरं सोडतात.
बाबा म्हणाले, तुम्ही कुठल्या गावात राहता?

आईला चित्रांचं काही नव्हतं.
तिचं एकच म्हणणं, तेही एकवीस वर्षं:
धुतलेली चादर दोरीवरून काढली
की घातली होती त्याहून मळकी.
नीळ झाली, सोडा झाला,
मार्गिता मावशीचं व्हिनेगर झालं.

पत्रा बुडवायच्या आदल्या रात्री
बाबा पाळीवर. वार्निशची बाटली टेबलावर.
आईनं खिडकीबाहेर पाहिलं, हात पुसले,
आणि ब्रश घेऊन मागच्या दोरीवर
एक फडफडता चौकोन भरला.
वार्निश लागलं की तिथे ॲसिड शिरत नाही,
एवढं तिला भांडी विसळता विसळता ऐकून माहीत होतं.

पहिली ओली प्रत बाबांनी कोपऱ्याला धरून उचलली.
काळ्या शहराच्या मधोमध
कागद.
नुसता कागद.

घरी आले. जेवले. सूप खारट आहे म्हणाले.
पंचवीसच्या पंचवीस प्रती
तशाच काढल्या.

संग्रहालयातली मुलगी मला समजावून सांगते.
धूर उजवीकडे चाललाय बघा,
आणि ती चादर, एकटीच, डावीकडे.
हा विरोध कलावंतानं मुद्दाम साधलाय.

बाबा सगळं उलटं कोरायचे, छाप सुलटा यावा म्हणून:
खाटकाची पाटी, ट्रामचा नंबर, वारा.
आईला कोण सांगणार?
तिनं दिसली तशी काढली.

मी हो म्हणते.
चष्मा काढून काचेच्या अगदी जवळ जाते
आणि बघते, चिमटे किती आहेत.
तीन. चौथा नेहमी तिच्या दातांत असायचा.