धुराची जागा

खुलदाबादच्या शाळेत मी चित्रकला शिकवते.
सातवी 'ब'मधल्या कुणीही समुद्र पाहिलेला नाही.
मी पाहिलाय, एकदाच, डीएडच्या सहलीत,
आणि तेव्हा नेमकी ओहोटी होती.

वाचनालयाच्या रद्दीत एक जाड पुस्तक मिळालं.
साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या कुण्या डच माणसाची जहाजं,
शिसपेन्सिल, वरून पातळ करडी शाई.
राजा आरमार बघायला आला, त्या दिवसाची.
माणूस होडक्यात बसून काढत होता म्हणे,
कागद मांडीवर, मांडी लाटेवर.
म्हणून काही डोलकाठ्या कलल्यात.
वारा होता की त्याचा हात हलला, सांगता येत नाही.

बाई, यात राजा कुठंय?
भिंग लावून शोधला.
कोरीव पिछाडीची नाव, तिच्यावर भलं मोठं निशाण,
खाली तांदळाच्या कणीएवढे चार ठिपके,
त्यातल्या एकावर बारीक फुली.
फुली म्हणजे राजा.
अंबिका सोनपसारे म्हणाली,
दोर तर एकेक मोजता येतोय, अन् राजाला नुसती फुली?
मी म्हणाले, दोर चुकला तर जहाज बुडतं.
उत्तर बरोबर होतं का, कोण जाणे. घंटा झाली.

मला ती जहाजं उतरवायची होती,
पण दुकानातल्या कागदावर करडा रंग ठरेना,
डबक्यासारखा साचायचा, कागद फुगायचा.
शनिवारी शाळा सुटल्यावर कागझीपुऱ्याला गेले.

मैनोद्दीनचाचा हौदाच्या कडेला खड्ड्यात बसलेले.
साचा बुडवायचा, हलवायचा, उचलायचा.
हौदभर लगदा
या भिंतीवर आपटून त्या भिंतीकडे.
हात ओले, म्हणून पुस्तक लांबूनच बघितलं.
जहाजांबद्दल काही बोलले नाहीत.
हनुवटीनंच दाखवलं तोफांच्या सलामीकडे,
ये धुवां कायका बनाया? सफेदा लगाया?

नाही चाचा, तिथं त्यानं काहीच लावलं नाही.
भोवती करडं केलं,
धुराच्या जागी कागद तसाच सोडला.

एक ताव उचलून झाला. दुसरा झाला.
तिसऱ्याचं पाणी निथळताना म्हणाले,
तो फिर धुवां तो कागदवाले का हुआ ना, मॅडम.

मग वाकून पुन्हा बघितलं.
दोन ताव जोडलेत इथं, एका जहाजाच्या बरोबर कमरेतून.
खळ जास्त झाली, म्हणाले,
जिसने भी चिपकाया, जल्दी में था.

राजा उतरायला आला असेल, मी म्हणाले.
आया होगा, म्हणाले, आणि हात परत हौदात.

वीस ताव घेतले. पैसे देताना
पोरांसाठी म्हणून दोन वर टाकले त्यांनी,
कोपरे दुमडलेले, पण चालतील असे.
स्कूटीच्या मागच्या सीटवर सुतळीनं बांधले.
पुढं वळणावर दौलताबादकडून वारा आला,
गठ्ठा पाठीमागे फडफडला.
मी गाडी थांबवली
आणि गाठ पुन्हा एकदा बघून घेतली.