रीत

इथे रीत अशी: बोलवायचं तर अख्खा वर्ग,
नाहीतर कुणीच नको.
शाळेच्या पहिल्याच सभेत बाईंनी बजावलेलं.
म्हणून एकवीस आमंत्रणं लिहिली मी,
शेवटचं बेर्ट्रामचं,
आस्गर समोर बसून
उजव्या मनगटावरचे दातांचे वण खाजवत असताना.

‘तो चावतो.’
‘हो. पण रीत आहे.’
एवढंच सुचलं मला. आई म्हणून फारसं शोभलं नाही.

शनिवारी रँडर्समध्ये वारा असा
की अंगणातला झेंडा खांबालाच गुंडाळून बसला.
बेर्ट्राम वीस मिनिटं आधी हजर.
असं लवकर जायचं नसतं, हे त्याला कुणी सांगितलेलं नसावं.
भेट रोपवाटिकेच्या जाहिरातीत बांधलेली.
बाप गाडीतूनच हात करून गेला.
मी त्याला कागदी रुमालांच्या घड्या घालायला बसवलं.
एकवीस घातल्या. स्वतःची विसरला.

मग टेबलावर केकचा माणूस आला,
लिकरिशचे केस, नखांना लाल जेली.
वाढदिवसवाल्याने त्याचा गळा कापायचा
आणि बाकीच्यांनी बेंबीच्या देठापासून किंचाळायचं.
किंचाळले. कुत्रं सोफ्याखाली गेलं.
बेर्ट्राम तेवढा ओठ घट्ट मिटून.

पहिला तुकडा कुणाला, याची मात्र काही रीत नाही.
आस्गरने उजवा हात कापला, मनगटापासून,
आणि बशी त्याच्यापुढे सरकवली:
‘घे. याला चाव.’

मी रागवणार होते.
तेवढ्यात बेर्ट्राम हसला.
समोरचे दोन्ही दात
पडलेले.