सारंगखेड्यात तो मेला नव्हता

काल रात्री तो मेला.
शहाद्यात, माझ्या घरी, पावणेबाराला,
लेकानं भिंतीवर ठोकलेल्या मोठ्या पडद्यावर.

आधी अर्ध्या तासाचा माहितीपट झाला.
पांढरे हातमोजे घातलेली माणसं
एकेक चौकट पुसत होती,
न्हाऊ घातलेलं बाळ टिपावं तशी.
त्यातली चष्म्याची बाई म्हणाली,
आता यात काहीच गाळलेलं नाही.
मग सिनेमा.
आणि पुलावर त्याला गोळी लागली.

मी ताडकन उठून बसले.
लेक म्हणाला, तू तर पाचदा पाहिलायस ना?

पाचदाच पाहिलाय.
सारंगखेड्याच्या यात्रेत, तंबूत, गोधडी पांघरून.
पडद्यावरचा घोडा खिंकाळला
की बाहेर विकायला आलेले शे-दीडशे घोडे
त्याला उत्तर द्यायचे.
पुढून बघायला आठ आणे, मागून चार.
आम्ही मागची माणसं.
पडद्याच्या पाठीला नावं उलटी उमटायची,
ती अनसूयाआत्या मोठ्यानं वाचून दाखवायची,
जिला सुलटीही वाचता येत नव्हती.

आमचा नायक डावखुरा होता.
डाव्या हातानं पत्र लिहायचा,
डाव्या हातानं तिच्या केसांतली काडी काढायचा.
माझा भाऊ रतिलाल त्याच्यापायी
महिनाभर डाव्या हातानं जेवला,
आणि उजव्या हाताचा मार खाल्ला.
काल बघितलं तर
उजवाच आहे की तो, चारचौघांसारखा.

आणि पूल.
आमच्याकडे पुलावर तो वळून बघायचा,
मग एक हिसका, पडदा पांढराफेक,
झोतात बिडीचा धूर,
आणि लगेच तिचं दार.
दार उघडून ती रडायची.
दारात कोण, ते दिसायचं नाही.
आम्हाला माहीत होतं कोण.
किती उशीर केलास रे, असं आत्या
तिच्या वतीनं म्हणायची, आणि नाक पुसायची.

काल कळलं, दारात
खबर घेऊन आलेला शिपाई होता.

सकाळी स्टँडमागच्या मोबाइलच्या दुकानात गेले.
सुपडू ऑपरेटरचा मुलगा काउंटरवर
कुणाच्या तरी फोनला काच चिकटवत होता.
विचारलं, तर मान वर न करता हसला.
बापनी कापेल शे ते, म्हणाला.
का, ते सुपडूनं कधी सांगितलं नाही.
एवढंच म्हणायचा,
दिनना तीन खेळ. रोज तीनदा कोन मारी त्याले?

खालच्या खणातून बिस्किटांचा डबा निघाला.
झाकण काढताच आंबूस वास,
लोणच्याला बुरशी धरल्यासारखा.
आत वळलेल्या, चिवट, तांबूस पट्ट्या.
एक उचलून ट्यूबलाइटसमोर धरली.
नखाएवढा पूल. नखाएवढा तो.
ओळीनं पंधरा-सोळा वेळा उभा,
मग थोडा कमी उभा.
पट्टी फिरवली, डावखुरा झाला.
परत फिरवली.

घेऊन जा, मावशी, पोरगा म्हणाला,
हे आता काय कामाचं.

त्या हातमोज्यांच्या बाईला कळवावं का,
असं एकदा मनात आलं.
मग डब्याचं झाकण दाबून बसवलं, घट्ट,
आणि आलेच आहे तर म्हणून
एक चार्जर घेतला,
रतिलालला संध्याकाळी फोन लावायचाय.
त्याला काय सांगायचं, ते
अजून ठरलेलं नाही.